कंडोमचा पुरवठा गोदामापर्यंत मोजू नका : एड्स नियंत्रणाचा पुढचा टप्पा आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय एड्स व लैंगिक आजार नियंत्रण कार्यक्रमाचा पुढचा टप्पा आखणारे केंद्र आणि राज्य शासनातील अधिकारी, तसेच एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामाला निधी देणाऱ्या देशी-परदेशी संस्थांचे प्रतिनिधी यांस,

विषय : मोफत कंडोम आणि ते शेवटच्या व्यक्तीच्या हातात ठेवणारी माणसे, या दोन्हींची एकत्र तरतूद करण्याबाबत.

महोदय, महोदया,

या कार्यक्रमाचा पाचवा टप्पा १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२६ या काळासाठी १५,४७१.९४ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाला आणि तो संपूर्णपणे केंद्राच्या निधीतून चालेल, असे जाहीर झाले. त्या टप्प्याच्या अखेरच्या सव्वा वर्षात जगातले चित्र पालटले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलैपासून ती मदत देणारी यूएसएड ही सरकारी संस्थाच बंद झाली. एड्स, क्षयरोग व मलेरियासाठी काम करणाऱ्या ग्लोबल फंडाने चालू अनुदानांतून १.४३ अब्ज डॉलर कमी केले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गला झालेल्या निधी परिषदेत १८ अब्ज डॉलरच्या अपेक्षेपुढे ११.३४ अब्ज डॉलरचीच आश्वासने मिळाली. आपल्याकडच्या बैठकांत यावर एक उत्तर ठरून गेलेले दिसते : भारत कंडोम स्वतःच्या पैशाने घेतो, स्वतःच्या कारखान्यात बनवतो, तेव्हा परदेशी मदत आटल्याचा आपल्या पुरवठ्याशी काही संबंध नाही. या विधानाचा पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग खरा नाही, आणि पुढच्या टप्प्याचे अंदाजपत्रक त्या समजुतीवर उभे राहू नये म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात वेश्याव्यवसायातील स्त्रियांसोबत समुपदेशक म्हणून कामाला लागले, तेव्हा गेट्स फाउंडेशनच्या ‘अव्हाहन’ उपक्रमाचा निधी जिल्ह्यात नुकताच आला होता. पुढे तोच प्रकल्प शासनाच्या अखत्यारीत गेला, संस्था बदलली, साहेब बदलले. मी मात्र त्याच वस्तीत राहिले आणि आता पीअर म्हणून, म्हणजे वस्तीतल्याच राहून इतर बायकांपर्यंत माहिती आणि कंडोम पोहोचवण्याचे काम करणाऱ्या ताईंना प्रशिक्षण देते. ज्या स्त्रियांबरोबर मी काम सुरू केले त्यांतल्या अनेक जणी आज एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या घेऊन नीट जगत आहेत, मुले शिकवत आहेत. काही जणी त्या गोळ्या आमच्या जिल्ह्यात पोहोचण्याआधीच गेल्या. त्यामुळे कंडोमचा पुरवठा हा विषय माझ्यासाठी फाईलमधला एक रकाना कधीच नव्हता.

आपल्या देशाने या बाबतीत दूरदृष्टी दाखवली होती, हे आधी नोंदवते. १९६८ मध्ये ‘निरोध’ हा सरकारी कंडोम बाजारात आला तो परदेशातून आणलेल्या मालावर. पण तोवर हिंदुस्तान लेटेक्स या सरकारी कंपनीची स्थापना झालेली होती, आणि १९६९ पासून तिरुअनंतपुरममध्ये उत्पादन सुरू झाले. तीच आजची एचएलएल लाईफकेअर. आफ्रिकेतल्या अनेक देशांना जे कधीच जमले नाही ते आपल्याला एड्स येण्याच्या कितीतरी आधी, कुटुंबनियोजनाच्या निमित्ताने जमून गेले होते. आज तर आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरच्या कारखान्यात तयार झालेले कंडोम, त्यांत स्त्रियांनी वापरायचे कंडोमही आले, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी कार्यक्रमात वापरले जातात. वस्तू बनवण्याची क्षमता आपल्यापाशी भरपूर आहे. कमी पडते ती वस्तूच्या पुढची साखळी, आणि ती साखळी या देशात बऱ्याच अंशी देणगीदारांच्या पैशाने उभी राहिली आहे.

१९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकारी निर्मला यांनी देशातली एचआयव्हीची पहिली लागण शोधली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, म्हणजे नॅकोची, स्थापना झाली आणि कार्यक्रमाचा पहिला टप्पा जागतिक बँकेच्या ८ कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जसाहाय्यावर सुरू झाला. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वेश्यावस्त्यांतल्या पाहण्यांत निम्म्याहून अधिक स्त्रियांना लागण झालेली आढळत होती. २००३ मध्ये अव्हाहन आले ते महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तमिळनाडू, मणिपूर आणि नागालँड या सहा राज्यांत. मुंबई-ठाण्यात ‘आस्था’, राज्याच्या इतर जिल्ह्यांत ‘मुक्ता’ आणि महामार्गांवर ट्रकचालकांसाठी ‘खुशी’ दवाखाने, अशी त्याची नावे आम्हाला आजही पाठ आहेत. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पहिल्या पाच वर्षांत या उपक्रमामुळे सुमारे १ लाख लागणी टळल्या असाव्यात, असा अंदाज मांडला.

त्या काळातही मोफत वाटपाचे कंडोम बहुतांशी शासनाचेच होते. देणगीदाराचा पैसा गेला तो वस्तीतल्याच बाईला पीअर म्हणून मानधन देण्यात, तिच्या प्रशिक्षणात, दुपारी बायकांना निवांत बसता येईल अशी खोली भाड्याने घेण्यात, पोलिसांनी धाड टाकली की रात्री धावून जाणारा गट बांधण्यात. कंडोमच्या वापराचे प्रमाण या सगळ्यामुळे वाढले. लाकडी मॉडेलवर कंडोम चढवून दाखवणे, ज्याला आम्ही डेमो म्हणतो, ते अर्ध्या तासात शिकवता येते. नशेत आलेल्या आणि दुप्पट पैसे पुढे करणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘निरोध लावला नाही तर बसणार नाही’ असे सांगायला मात्र बाईच्या मागे चार बायका उभ्या असाव्या लागतात, कोठा चालवणाऱ्या घरवालीने तिची बाजू घ्यावी लागते, आणि शेजारच्या खोलीतलीही तेच सांगेल याची तिला खात्री असावी लागते. एकीने मोडले की गिऱ्हाईक तिच्याकडे जाते, मग दुसरीही मोडते. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून हेच दाखवून दिले होते.

२००९ ते २०१२ या काळात अव्हाहनचे प्रकल्प टप्प्याटप्प्याने शासनाकडे आले. हस्तांतर नियोजनपूर्वक झाले, त्यासाठी वेळ दिला गेला, आणि बहुतेक ठिकाणी सेवा अखंड राहिल्या. त्याचे श्रेय दोन्ही बाजूंना आहे. पण हस्तांतराच्या यादीत जे मोजता येते तेच आले. स्त्रियांची नोंदणी आली, दवाखाना आला, महिन्याला लागणाऱ्या कंडोमचा आकडा आला. बायकांच्या गटबांधणीसाठी, बैठकांसाठी, संकटकाळी मदतीसाठी खर्च होणारा पैसा बऱ्याच ठिकाणी हळूहळू गळत गेला, कारण शासकीय दरपत्रकात त्याला जागाच नव्हती. माझी पहिली तक्रार ही आहे. परदेशी निधी संपताना कंडोम संपत नाहीत, हे तुमचे म्हणणे मान्य. पण कंडोम वापरात आणणारी व्यवस्था संपते, आणि ती कोणत्याच साठा नोंदवहीत दिसत नाही.

हे भूतकाळातच घडले असे नाही. पुणे आणि कल्याण इथली ‘मित्र’ क्लिनिक ही तृतीयपंथी समाजाने तृतीयपंथी समाजासाठी चालवलेली केंद्रे होती आणि हैदराबादच्या त्यांच्या भगिनी-केंद्रासह ती अमेरिकी निधीवर उभी होती. २०२५ च्या सुरुवातीला निधी थांबताच ती बंद झाली. ज्या समाजात एचआयव्हीचे प्रमाण ३.७८ टक्के इतके, म्हणजे सर्वसाधारण प्रौढांच्या कित्येक पट आहे, त्यांना ‘सरकारी दवाखान्यात जा, तिथे कंडोम मोफत आहेत’ असे सांगणे म्हणजे त्यांना काही न देणेच आहे. ते त्या दवाखान्यात का जात नाहीत, हे या पत्राच्या वाचकांपैकी ज्यांनी तिथल्या रांगेतल्या नजरा पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको.

दुसरी तक्रार गरज मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे आणि तिच्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. टीआय प्रकल्पात, म्हणजे जास्त धोका असलेल्या गटांसाठीच्या प्रतिबंध प्रकल्पात, गरज काढण्याची रीत कागदावर चांगली आहे : नोंदणीकृत स्त्रिया किती, महिन्यात कामाचे दिवस किती, दिवसाला सरासरी गिऱ्हाइके किती, त्यातून स्त्रिया स्वतः विकत घेतात ते कंडोम वजा, आणि उरेल ती मागणी. अडचण अशी, की ही सरासरी वर्षातून एकदा निघते आणि वस्तीतले जीवन सरासरीने चालत नाही. आमच्या भागात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसतोड टोळ्या, ट्रॅक्टरचालक, ट्रकवाले यांची वर्दळ वाढते आणि त्यांच्यामागोमाग कर्नाटकातून आणि मराठवाड्यातून बायकाही येतात. मोठ्या जत्रांच्या दिवसांत एकेका मुक्कामाच्या गावात चार-पाच दिवस जितके कंडोम लागतात तितके एरवी महिन्यालाही लागत नाहीत. या बायका नोंदवहीत नसतात. मग पीअर ताई आपल्या नोंदणीकृत बायकांच्या वाट्यातले त्यांना देते, आणि महिनाअखेर हिशेब जुळत नाही म्हणून बोलणी खाते. मी ज्या प्रकल्पांत काम केले आहे त्यांतल्या एका पीअर ताईला तर यावरून लेखी खुलासा द्यावा लागला होता. जी बाई कार्यक्रमाचे काम सर्वांत चोख करत होती तिलाच खुलासा मागणारी पद्धत बदलली पाहिजे.

यात आणखी एक बदल गेल्या काही वर्षांत झाला आहे. धंदा वस्तीतून निघून मोबाइलवर गेला आहे. ठरावीक गल्ली, ठरावीक घर, ठरावीक हॉटस्पॉट ही रचना मोडत चालली असून, अनेक स्त्रिया आणि तरुण पुरुष फोनवर ठरवून लॉजवर किंवा भाड्याच्या फ्लॅटवर जातात, शहरे बदलतात, आणि आपल्याला ‘त्या’ स्त्रियांमध्ये मोजले जाऊ नये म्हणून प्रकल्पापासून मुद्दाम लांब राहतात. पाचव्या टप्प्यात लागणीचा धोका असलेल्यांना एकाच ठिकाणी सेवा देणारी ‘संपूर्ण सुरक्षा’ केंद्रे सुरू झाली, ऑनलाइन माध्यमांतून पोहोचण्याचे प्रयत्न सुरू झाले, हे योग्यच झाले. पण केंद्रापर्यंत जो येतच नाही त्याच्यासाठी लॉजच्या काउंटरवर, पानटपरीवर, पेट्रोलपंपावर, रात्री उघड्या असणाऱ्या मेडिकलमध्ये मोफत कंडोमचा डबा कोणी भरायचा, याची जबाबदारी कोणाच्याही नेमणूकपत्रात नाही.

तिसरी तक्रार खंडित पुरवठ्याची. २०१४-१५ मध्ये निधी राज्य एड्स नियंत्रण संस्थांना थेट मिळण्याऐवजी राज्याच्या कोषागारामार्फत जाऊ लागला, आणि देशभरातून कंडोमच्या तुटवड्याच्या व महिनोन्‌महिने थकलेल्या मानधनाच्या बातम्या आल्या. त्या वर्षांचा अनुभव आमच्यापैकी कोणीच विसरलेले नाही. मला माहीत असलेल्या एका जिल्ह्यात तेव्हा कार्यालयातला साठा संपला; नंतर आला तो मुदत संपायला थोडेच महिने उरलेला, आणि तोही एकदम इतका, की ठेवायला जागा नाही म्हणून पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर पडून राहिला. लेटेक्सला उष्णता सोसत नाही, हे प्रत्येक खोक्यावर छापलेले असते. तशा साठवणुकीतला कंडोम फाटला की बाई म्हणते, ‘सरकारी माल असाच असतो’, आणि तिचा तो ग्रह पुढे कितीही चांगला माल आला तरी जात नाही. एचएलएलच्या दर्जावर माझा आक्षेप नाही. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘आर’प्रमाणे त्याची तपासणी होते. कारखान्यातून चांगला निघालेला माल वाटेत खराब होऊ न देणे, ही पुरवठादारांची आणि कार्यक्रमाची संयुक्त जबाबदारी आहे.

तुटवड्याची बातमी तुमच्यापर्यंत का पोहोचत नाही, याचाही विचार करा. २०२२ मध्ये एआरटीच्या औषधांचा तुटवडा झाला तेव्हा एचआयव्हीसह जगणारे लोक दिल्लीत नॅकोच्या कार्यालयाबाहेर महिन्याहून अधिक काळ धरणे धरून बसले, आणि देशाला प्रश्न कळला. कंडोम नाही म्हणून धरणे कोण धरणार? ज्या बाईला तो मिळाला नाही तिने रस्त्यावर येऊन तसे सांगणे म्हणजे आपला व्यवसाय, आपले गिऱ्हाईक आणि मुलांच्या शाळेतले आपले नाव, सगळेच पणाला लावणे. ती गप्प राहते आणि त्या रात्री कंडोमशिवाय काम करते. ‘कुठूनही तक्रार आलेली नाही’ हे वाक्य अहवालात लिहिण्यापूर्वी तक्रार येण्याची वाट आपण ठेवली होती का, हे तपासले पाहिजे.

याच संदर्भात एक साधी गोष्ट मला कधीच समजलेली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातला निरोध कुटुंबनियोजनाच्या खात्यातला असतो, टीआय प्रकल्पातला एड्सच्या खात्यातला. आशाताई घरोघरी पोहोचवतात तो पहिल्या खात्यातला. एकाच तालुक्यात एका खात्याच्या कपाटात खोकी पडून राहतात आणि दुसरे खाते रिकामे असते. दोन्ही खोक्यांत वस्तू तीच, पण एकातून काढून दुसऱ्यात द्यायचा अधिकार तालुक्यात कोणालाच नाही. विवाहित स्त्रियांना नवऱ्याकडून होणारी लागण हा या देशातल्या साथीचा फार मोठा भाग राहिला आहे. त्यांच्यासाठी कुटुंबनियोजन आणि एचआयव्ही प्रतिबंध या दोन गोष्टी कधीच वेगळ्या नव्हत्या. जोडप्यांपैकी एकाला लागण असलेल्यांना एआरटी केंद्रावर गोळ्यांसोबत दर महिन्याला पुरेसे कंडोम न मागता मिळायला हवेत. अनेक ठिकाणी ते मागावे लागतात, आणि नवऱ्यासमोर बाई मागत नाही.

पाण्यावर आधारित वंगणाचा, म्हणजे ल्यूबचा, उल्लेख मी मुद्दाम वेगळा करते. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासाठी वंगणाशिवाय कंडोम अपुरा आहे. वंगण नसले की खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरले जाते आणि तेलाने लेटेक्स फाटते. हे आरोग्य खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही वंगणाचा पुरवठा वर्षानुवर्षे कुठल्या ना कुठल्या देणगीवर किंवा प्रायोगिक प्रकल्पावर टांगलेला राहिला. तो कंडोमच्याच खरेदीत, त्याच निविदेत, त्याच नियमिततेने आला पाहिजे.

पोलिसांविषयी लिहिले नाही तर हे पत्र अपुरे राहील. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम २२ सांगते, की लागणीचा धोका कमी करण्यासाठी केलेला कोणताही उपाय, त्यात कंडोम पुरवणे व वापरणेही आले, हा गुन्हा ठरणार नाही आणि त्यावर निर्बंध घालता येणार नाहीत. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वेश्याव्यवसायातील स्त्रिया आरोग्यासाठी वापरत असलेल्या कंडोमसारख्या साधनांना गुन्ह्याचा पुरावा मानू नये. इतके स्पष्ट असूनही धाडीच्या पंचनाम्यात ‘निरोधची पाकिटे जप्त’ ही ओळ अजून दिसते. मग लॉजमालक म्हणतो, ‘डबा ठेवायला ना नाही, पण पोलीस आले तर?’ बाई पर्समध्ये कंडोम ठेवायला घाबरते. एका खात्याने वाटायचे आणि दुसऱ्याने ते जप्त करायचे, यात जनतेचा पैसा तर वाया जातोच, पण लागण टाळण्याची तिची एकमेव संधीही जाते.

देणगीदार संस्थांशी मला वेगळे बोलायचे आहे. तुमच्या मदतीने या देशात आणि जगात लाखो जीव वाचले. १९९० पासून कंडोममुळे सुमारे ११ कोटी ७० लाख लागणी टळल्या, हा संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने, म्हणजे यूएनएड्सने, मांडलेला अंदाज त्याची साक्ष देतो. पण मदतीबरोबर येणाऱ्या अटींनी काय केले, तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने प्रतिबंधाच्या पैशातला एक तृतीयांश हिस्सा लग्नापर्यंत संयमाच्या प्रचारासाठी राखून ठेवायला लावला होता, तो २००८ मध्ये दुरुस्त झाला. वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची प्रतिज्ञा लिहून देण्याची अटही त्याच कायद्यातली. ज्या बायकांनी आमच्यावर विश्वास टाकला त्यांच्या विरोधात सही करायची आणि त्यांच्याचसाठी आलेले पैसे घ्यायचे, हे कसे जमावे? आमच्या शेजारच्या सांगलीतल्या ‘संग्राम’ या संस्थेने २००५ मध्ये ती प्रतिज्ञा नाकारून निधी परत केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिथल्या संस्थांपुरती ती अट रद्द केली. परदेशी संस्थांना मात्र २०२० च्या निकालानेही तो दिलासा मिळाला नाही. आणि २०२५ मध्ये तर एका आदेशासरशी सगळेच थांबले. जगातल्या एचआयव्हीसाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीचा ७३ टक्के भाग एकाच देशाकडून येत होता, ही व्यवस्था ज्यांनी उभारली आणि ज्यांनी चालू दिली त्या सर्वांनी आता झांबिया, मलावी, मोझांबिकमधल्या बायकांना उत्तर दिले पाहिजे. आमच्यापाशी निदान स्वतःचा कारखाना आहे.

प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचे औषध, आणि आता त्याच कामासाठी वर्षातून दोनदा घ्यायचे लेनाकापाविर इंजेक्शन आले, तेव्हा कंडोमवर इतका भर कशाला, असाही सूर ऐकू येतो. ही औषधे यावीत, स्वस्त व्हावीत, आमच्या बायकांना सर्वांत आधी मिळावीत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. पण त्यांनी सिफिलिस आणि गनोरिया थांबत नाहीत, गर्भधारणाही थांबत नाही. आणि ती देण्यासाठीही तीच पीअर, तीच खोली आणि तोच विश्वास लागणार आहे.

देशात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगत आहेत, राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे, आणि २०२३ या एका वर्षात देशात सुमारे ६८ हजार नव्या लागणी झाल्या. २०१० च्या तुलनेत हा आकडा ४४ टक्क्यांनी घटला आहे. ही घट आपोआप झालेली नाही आणि आपोआप टिकणारही नाही. म्हणून माझ्या आणि माझ्या सहकारी ताईंच्या मागण्या मी इथे सरळ मांडते.

पुढच्या टप्प्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान तीन महिन्यांचा राखीव साठा बंधनकारक करावा, त्यातला माल मुदतीच्या शेवटच्या वर्षातला नसावा, आणि जिल्हानिहाय साठा दर महिन्याला सार्वजनिक संकेतस्थळावर दिसावा. निविदेला उशीर झाला तर जिल्हा पातळीवर स्थानिक खरेदीचा अधिकार आणि त्यासाठी वेगळी रक्कम असावी. कुटुंबनियोजन आणि एड्स ही दोन खाती तालुक्याच्या पातळीवर एकमेकांना साठा देऊ शकतील, असा एक पानी आदेश काढावा. त्याला नवा पैसा लागत नाही.

पीअर ताईंचे मानधन महिन्याच्या दहा तारखेच्या आत थेट त्यांच्या बँक खात्यात जमा व्हावे आणि ते प्रकल्पाच्या इतर अनुदानाच्या हप्त्याशी जोडलेले नसावे. बायकांच्या गटबांधणीसाठी, बसण्याच्या खोलीसाठी आणि संकटकाळच्या मदतीसाठी दरपत्रकात स्वतंत्र शीर्ष हवे. गरजेचा आकडा वर्षातून एकदा न काढता दर तिमाहीला काढावा, हंगाम आणि जत्रा धरून काढावा, आणि तो काढणाऱ्या समितीत वेश्याव्यवसायातील स्त्रिया, तृतीयपंथी आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष यांचे प्रतिनिधी मतदानाच्या अधिकारासह असावेत. वंगण आणि स्त्री-कंडोम नियमित खरेदीत घ्यावेत. बंद पडलेल्या तृतीयपंथी केंद्रांची जबाबदारी शासनाने घ्यावी, आणि ती चालवणाऱ्या माणसांनाच पुन्हा कामावर घ्यावे.

गृह खात्याने कलम २२ आणि २०२२ च्या आदेशाचा हवाला देऊन प्रत्येक पोलीस ठाण्याला मराठीत परिपत्रक पाठवावे, आणि पंचनाम्यात कंडोमची नोंद झाल्यास ती एचआयव्ही कायद्याप्रमाणे नेमलेल्या लोकपालाकडे नेता येईल, हे त्यात लिहावे. महाराष्ट्रासाठी नेमलेल्या लोकपालाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक प्रत्येक टीआय कार्यालयाच्या दारावर लावावा.

देणगीदारांकडे दोनच गोष्टी मागते. निधी थांबवायचा असेल तर किमान दोन वर्षे आधी लेखी कळवा आणि त्या दोन वर्षांत हस्तांतर पूर्ण करा. आणि ज्यांच्यासाठी पैसा देता त्यांच्या जगण्याविरुद्ध सही करायला लावणारी कोणतीही अट घालू नका.

या पत्राची प्रत राज्याचे आरोग्यमंत्री, गृहमंत्री आणि आमच्या जिल्ह्याचे लोकप्रतिनिधी यांना पाठवली आहे. प्रत्येक मागणीवर मान्य, अमान्य किंवा विचाराधीन, असे लेखी उत्तर कारणांसह मिळावे. पुढच्या टप्प्याच्या आखणीसाठी महाराष्ट्रात होणाऱ्या सल्लामसलतीची तारीख आणि ठिकाण आम्हाला किमान पंधरा दिवस आधी कळवावे, म्हणजे ज्या ताईंना रात्रीचे काम असते त्यांनाही यायची सोय करता येईल.

आपली,
पश्चिम महाराष्ट्रातील एक समुपदेशक